मयूरदासांचा उजवा हात

मद्रासच्या आमच्या मयिलापूरमध्ये आज हयात असलेल्या रचनाकारांत माझ्याइतका यशस्वी माणूस दुसरा नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो. फक्त आवाज जरा खाली ठेवून सांगतो, कारण माझ्या नावावर एकही रचना नाही.

यात काही चमत्कारिक वाटत असेल, तर कर्नाटक संगीताशी तुमचा फारसा संबंध आलेला नाही. सुखी आहात! आमच्याकडे रचनाकाराला मान मिळायची अट एकच: त्यानं मेलेलं असावं. कालपरवा मेलेलाही चालत नाही. कैरीच्या लोणच्यासारखं शंभर-दोनशे वर्षं मुरावं लागतं. आमच्याकडे बांधलेल्या गाण्याला कृती म्हणतात. जिवंत माणसानं नुसतं म्हणावं, "मी एक नवी कृती केली आहे," की समोरचा गवई घड्याळ बघतो आणि गवयाची बायको चपला शोधायला लागते.

माझं नाव पंचापकेशन. लोक पंचू सर म्हणतात. इतिहासात एम.ए. केलं आणि पोटासाठी मुलींना गाणं शिकवतो. मुलीही मन लावून शिकतात, अमेरिकेचा व्हिसा येईपर्यंत. उरलेल्या वेळात मी कृती रचतो. त्या ऐकायला कुणी नव्हतं, तोवर त्या माझ्या होत्या. मग नाच्चियप्पन अय्या भेटले.

नाच्चियप्पन अय्या म्हणजे 'दोन मोर छाप' हिंगाचे मालक. इथे सांबाराला फोडणी पडली की त्यांच्या घरी लक्ष्मीचं पाऊल पडतं. कारखाना होता, बंगला होता, सप्तस्वर रसिक सभेचं, म्हणजे मैफली भरवणाऱ्या मंडळाचं, अध्यक्षपद होतं. राहिलं होतं फक्त अमरत्व.

"पंचू, मला वाग्गेयकार व्हायचंय," एक दिवस ते म्हणाले. शब्दही माझा, सूरही माझा, असं मिरवणाऱ्याला वाग्गेयकार म्हणतात.

"व्हा की, अय्या."

"कधीपर्यंत होईन?"

जणू गोदामात माल कधी पडेल असं विचारत होते! मी विचार केला. माझ्याकडे रचना होत्या, नाव नव्हतं. यांच्याकडे नाव होतं, रचना नव्हत्या. "मार्गळी महिन्यापर्यंत होऊन जाल," मी म्हणालो. मार्गळी म्हणजे आमचा डिसेंबरातला संगीताचा हंगाम. त्या दिवसांत मद्रासेत कावळासुद्धा श्रुतीला धरून ओरडतो.

तर असे अय्या 'मयूरदास' झाले. आमच्याकडे रचनाकार शेवटच्या चरणात आपली मुद्रा, म्हणजे टोपणनाव, ओवतो. दोन मोरांवरून मयूरदास. वर आमच्या गावात देवीनंच मोर होऊन कपालीश्वराची पूजा केलेली, त्यामुळे भक्ती आणि जाहिरात एकाच शब्दात बसली. भाषा मी तेलुगू ठेवायचो. इथल्या देवांना तेलुगू कळतं आणि श्रोत्यांना कळत नाही, ही मोठीच सोय!

"मी यात काय म्हणालोय?" नवी कृती हातात पडली की अय्या विचारायचे.

"तुम्ही देवाला म्हणालात की, मी अज्ञानी आहे, मला काही येत नाही, तूच मला तार."

"एवढं खरं कशाला लिहायचं रे?"

त्यांची बैठक कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथे तासभर बसलं की हिंग शर्टात, केसांत आणि विचारांत शिरायचा. म्हणून घरी जाताना मी देवळाच्या तळ्याकाठी वाऱ्यावर बसायचो आणि मोगऱ्याचा गजरा घेऊन तो खिशात ठेवायचो. बायकोला हिंगाचा पत्ता लागू नये, एवढाच हेतू.

कारण हा सगळा उद्योग बायकोला ठाऊक नव्हता. निदान माझा तसा समज होता.

आता बायकोविषयी. तिचं नाव धर्मसंवर्धिनी. लोक धर्मा म्हणतात, मी 'अगं' म्हणतो. माझ्यापेक्षा दसपटीनं चांगली गाते, आणि हे मी तिच्यासमोरही कबूल करतो, कारण दुसरा मार्ग नाही. पण सभेच्या हंगामात गवयाची किंमत गळ्यावर ठरत नाही, घड्याळावर ठरते. संध्याकाळी सहाला गातो तो कलावंत. दुपारी पावणेदोनला गातो तो होतकरू, मग त्याचे केस पांढरे का होईनात! पावणेदोनला तिकीट नसतं. कँटीनमध्ये केळीच्या पानावर जेवून आलेले लोक पंख्याखाली डुलकी काढायला येतात. धर्मा लग्नाआधीपासून पावणेदोनला गात आलेली. पहिल्या रांगेत मी असायचो. बऱ्याचदा दुसऱ्या रांगेतही मीच.

म्हणून अय्यांनी जेव्हा विचारलं, "पंचू, तुला काय देऊ बोल," तेव्हा मी म्हणालो, "धर्माला संध्याकाळचे सहा द्या."

"दिले! पण माझी एक जंगी कृती तिनं त्यात गायची. टीकाकारांची तोंडं बंद करणारी."

सभेचं पत्र आलं तेव्हा धर्मा ते घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी डोकावलो, तर ती गॅस न पेटवता रिकाम्या पातेल्यात पळी फिरवत होती.

"संध्याकाळ दिलीय हो," ती म्हणाली.

"तुझ्या गाण्यानं मिळालीय," मी म्हणालो. "कुणाचे उपकार नाहीत!"

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, आनंदानं.

म्हणजे बघा, गुपित फुटलं असतं तर नुसतं अय्यांचं नाक कापलं गेलं नसतं. तिची संध्याकाळ गेली असती. आणि ती गाण्यानं मिळाली, हा तिचा विश्वास गेला असता तो वेगळाच.

इथे एखाद्या शहाण्या माणसानं सोपी कृती रचली असती. पण टीकाकारांची तोंडं बंद करायची म्हटल्यावर माझ्या अंगात आलं! राग नाटकुरंजी. ताल आदी, आठ मात्रांचा. पण गाणं समेवर उचलायचं नाही, दीड मात्रा सोडून उचलायचं. सम येते, रिकामी जाते, श्रोत्याचा जीव अधांतरी, आणि मग शब्द पडतो. मी स्वतःवरच खूष झालो.

कृती अय्यांच्या नावानं सभेकडून घरी आली, धर्मा रियाझाला बसली आणि माझ्या छळाला सुरुवात झाली.

"काय डोकं आहे हो या हिंगवाल्याचं!" ती म्हणाली.

"बरं आहे," मी म्हणालो.

"बरं? इतकी वर्षं घरात एक माणूस रचनाकार म्हणवून बसलाय, आणि अशी कृती करायला हिंगवाला लागला!"

मी पेपर उघडला.

"एकच खोड आहे त्याला. शेवटच्या ओळीत घाई करतो. जेवायला बोलावल्यासारखी."

"तशीच ठेव," मी पेपराआडून म्हणालो. "रचनाकाराचा काही हेतू असेल."

"भूक असेल," ती म्हणाली.

सगळं आलबेल चाललं होतं. तेवढ्यात सभेच्या कँटीनमध्ये तिरुवेंगडम मामांनी मला गाठलं.

तिरुवेंगडम मामा सरकारी हिशेब तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर हिशेब संपले, तपासणं राहिलं. एका वर्तमानपत्रात ते मैफलींवर लिहितात. ते लिहितात म्हणून लोक गवयांना नावं ठेवतात, आणि ते लिहीत नाहीत म्हणून गवई त्यांना.

"पंचू," रवा डोशाचा तुकडा मोडत मामा म्हणाले, "या मयूरदासाच्या कृती ऐकल्या मी. चांगल्या आहेत."

"वा, मामा!"

"म्हणूनच संशय येतो."

मी वाढप्याला हाक मारून आणखी चटणी मागवली.

"आता तर कार्यक्रमपत्रिकेत नाटकुरंजी छापलीय. हिंग विकणाऱ्याला नाटकुरंजी सुचते?"

"देवाची देणगी, मामा."

"देणगी असेल तर हातात दिसेल! तोंड खोटं बोलतं रे, हात नाही बोलत. मी सभेत सांगून ठेवलंय, त्या दिवशी मला मयूरदासाच्या शेजारची खुर्ची हवी. बघतो स्वतःच्या गाण्याला ताल कसा धरतो ते!"

हे मला सुचलंच नव्हतं! आमच्या सभेत श्रोता हात बांधून बसत नाही. दिवे चालू असतात आणि सगळा हॉल मांडीवर ताल धरून असतो: थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग थाप आणि उताणा हात, पुन्हा थाप आणि उताणा हात. गेटवरचा वॉचमनही धरतो. ज्याचा हात चुकला त्याच्याकडे लोक असे बघतात, जणू तो लग्नाच्या पंगतीत चपला घालून बसला आहे. आणि अय्या तर पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या खुर्चीत, स्वतःच्या कृतीला!

मी तडक कारखान्यावर गेलो.

"अय्या, ताल शिका!"

"एवढंच ना? कर सुरू."

"एक थाप, मग करंगळी..."

"आणि गाणं?"

"गाणं थापेला सुरू होत नाही. दीड मात्रा जाऊ द्यायची."

"का?"

"तीच तर गंमत आहे."

"माझ्या कारखान्यात माणूस दीड मिनिट उशिरा आला तर मी त्याला फाटकाबाहेर उभा करतो. आणि तू माझ्या गाण्याला उशिरा यायला शिकवलंस?"

तरी माणूस कष्टाळू. रोज बसले. दिवस संपत आले तेव्हा त्यांना आठपर्यंत मोजता येत होतं आणि हातही हलवता येत होता. फक्त दोन्ही एका वेळी नाही. आणि मी घरून आणलेल्या रियाझाच्या टेपवर धर्माचा आवाज सुरू झाला रे झाला, की पहिल्या शब्दावर धप्पकन थाप! "इथून तर सुरू झालं ना गाणं?" त्यांचं म्हणणं. जगातल्या कुठल्याही सरळ माणसाला तसंच वाटेल. पण सरळ माणसाचं आमच्या संगीतात काय काम!

मैफल परवावर आली. जेवण जाईना. आणि अशा वेळी मला जे सुचतं ते सुचलं.

"अय्या, हात मोडा."

"काय?"

"म्हणजे मोडल्याचं दाखवा. उजवा हात गळ्यातल्या झोळीत. मोडलेल्या हातानं कोण ताल धरतो?"

अय्यांच्या डोळ्यांत आदर दाटला. "पंचू, तू हिंगाच्या धंद्यात यायला हवा होतास!"

मी साधी झोळी म्हणालो होतो. कापडाची. पण दोन मोर छापचा मालक कापडावर कसा भागवील! मैफलीच्या दिवशी गाडीतून उतरले ते कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्याशुभ्र प्लास्टरमध्ये. इतकं जाड, की त्यात आणखी एक हात सहज मावला असता! त्यावर चंदनाचं बोट ओढलं होतं.

"खोटं असलं तरी हलकं नको," ते माझ्या कानात म्हणाले.

हॉल भरलेला. संध्याकाळची गर्दी! जागे लोक! धर्मा हिरव्या काठाची तांबडी कांजीवरम नेसून विंगेत उभी होती.

"तुम्ही पहिल्या रांगेतच बसा हं," ती म्हणाली. "दुपारसारखे. तुमचा हात दिसला की मला बरं वाटतं."

मी अय्यांच्या डावीकडे बसलो. उजवीकडे तिरुवेंगडम मामा, चष्मा पुसून तयार.

"अरेरे! हे कधी झालं?" प्लास्टर बघून मामा म्हणाले.

"काल. न्हाणीघरात घसरले," मी म्हणालो.

"परवा. जिन्यावरून पडलो," त्याच क्षणी अय्या म्हणाले.

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"न्हाणीघरात जिना आहे," मी म्हणालो. "मोठा बंगला आहे, मामा."

"कृती रचण्यात तल्लीन होतो," अय्यांनी भर घातली.

"हं," मामा म्हणाले. या 'हं'मध्ये सरकारी हिशेब खात्याची सगळी नोकरी होती. मग ते गोड आवाजात म्हणाले, "काही बिघडत नाही. डाव्यानं धरा ताल!"

डावा! डावा हात आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो! अय्यांनी आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच उगवला. मी उडी मारून टेबलावरून सत्काराचं ताट उचललं, नारळ, सफरचंदं, शाल, चंदनहार सगळ्यासकट, आणि त्यांच्या डाव्या हातात कोंबलं.

"सत्कार शेवटी आहे," मामा म्हणाले.

"अय्यांना कलावंताविषयी फार आदर आहे. ते आधीपासून धरून बसतात."

सुरुवातीचं वर्णम झालं, दोन कृती झाल्या. धर्मा रंगत होती. अधूनमधून ती खाली बघायची, माझा हात मांडीवर दिसला की डोळे मिटायची. मागच्या रांगांतून "आहा!" येऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गाण्याला घोरण्याऐवजी दाद मिळत होती! अय्या उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डावा ताटाखाली अडकवून, रंगकाम चाललेल्या पुतळ्यासारखे बसले होते. मला वाटलं, जमलं!

मग नाटकुरंजी सुरू झाली.

सम गेली. दीड मात्रा गेली. धर्मानं शब्द उचलला. आणि—

टॉक!

सगळा हॉल दचकला. खुर्चीचे हात लोखंडी होते. अय्यांना स्वतःची कृती सुरू झाल्याचा आनंद आवरला नव्हता, आणि प्लास्टर खुर्चीवर आपटलं होतं. हात मुका करायला म्हणून जे चढवलं, त्याचा आम्ही नगारा केला होता!

"अय्या!" मी दातांतून म्हणालो.

"माझं गाणं!" ते कुजबुजले. डोळे भरलेले.

टॉक!

आता तुम्हाला वाटेल, एका माणसाच्या टॉकनं काय होतं? समेच्या जागी शांतता आणि समेनंतर दीड मात्रांनी हातोडा! मृदंगवाल्याचा हात हवेत थबकला. त्याला वाटलं सम तिथे आहे. व्हायोलिनवाल्या बाईंनी एक स्वर अर्धवट सोडून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनी मिळून धर्माकडे पाहिलं. आणि धर्मानं माझ्याकडे.

मी तिला ताल दाखवायला हात वर केला. चांगला खांद्यापर्यंत. थाप, करंगळी, टॉक! थाप, करंगळी, अनामिका... नाही, अनामिका झाली का? टॉक! घामानं माझा चष्मा नाकावरून घसरला. मीच रचलेली कृती, मीच ठेवलेली दीड मात्रा, आणि मला सम सापडेना! अय्यांच्या पलीकडून मामांचा चष्मा आमच्याकडे वळलेला मला दिसत होता. मला वाटलं, संपलं. आता उद्या पेपरात येणार. अय्या जाणार, मी जाणार, आणि धर्मा परत पावणेदोनला, पंख्याखालच्या लोकांना झोपवायला.

धर्माच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली आणि डोळे मिटले.

आणि पुढे न जाता तीच ओळ परत घेतली.

आमच्याकडे याला निरवल म्हणतात. एकच ओळ धरायची आणि दरवेळी नव्या वाटेनं फिरवून तिच्या सुरुवातीला आणून सोडायची. प्लास्टर जड होतं. अय्यांना आवर्तनात एकदाच उचलता येत होतं. आणि ते उचलत होते नेमकं ओळीच्या पहिल्या शब्दावर, कारण सरळ माणूस! धर्मा ओळ घेऊन निघाली, नाटकुरंजीच्या चार गल्ल्या फिरली, परत आली, शब्दावर पाय ठेवला. टॉक! पुन्हा निघाली, आणखी लांब गेली, वाटलं आता हरवली. शब्द. टॉक! मृदंगवाला हसला आणि त्यानंही ती जागा धरली. तिसऱ्या वेळेला तर ती तारसप्तकातून अशी कोसळत आली, की सगळा हॉल श्वास धरून त्या टॉकची वाट बघत होता.

टॉक!

"शाबाश!" पहिल्या रांगेतून आवाज आला. मी बघतो तर तिरुवेंगडम मामा उभे!

"ताल काय, कुणीही धरेल!" मामा मागच्या रांगांकडे वळून म्हणाले. "हा माणूस ताल धरतच नाहीये! गाणं जिथून उचलायचं ती जागा धरतोय, प्रत्येक आवर्तनाला, न चुकता! मोडलेल्या हातानं! हे रचनाकारालाच जमतं!"

मामांनी अय्यांचं प्लास्टर दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावलं. अय्यांच्या हातातलं ताट कलंडलं, नारळ गडगडत स्टेजखाली गेला. धर्मानं नारळाची ती गडगड स्वरांत घेऊन कृती संपवली. शेवटची ओळ जरा घाईनंच झाली. ती तशीच रचलेली आहे.

टाळ्या थांबेनात. मी बसून होतो. माझा हात अजून मांडीवर काहीतरी करत होता.

सकाळी धर्मानं कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अय्यांना सांगा, प्लास्टर महिना-दीड महिना तरी काढू नका. मामा रोज समाचाराला जाणार आहेत."

"मी कसा सांगणार?" मी म्हणालो. "माझा काय संबंध?"

"अहो, आपल्या घरात दोन मोर छाप हिंग कधी आणलाय का?"

"नाही."

"मग तुमच्या शर्टाला त्याचा वास कसा येतो? आणि वर गजरा! नवरा गजरा आणतो तेव्हा बाई संशय घेते, मीही घेतला. पण हिंगाचा वास मारणारी बाई कोण ठेवेल?"

मी पेपर ओढायला गेलो, तर तो तिच्या हाताखाली होता.

"नाटकुरंजीचा पहिला चरण म्हटला आणि कळलं," ती म्हणाली. "तुम्ही लग्नाच्या मांडवातही उशिरा आलात. कृतीत वेळेवर कसे याल!"

"म्हणजे संध्याकाळ कशी मिळाली हेही..."

"तेही."

मी तरी म्हणालो, "तुला म्हटलं होतं, गाण्यानं मिळाली."

"गाण्यानंच मिळाली," धर्मा म्हणाली. "फक्त माझ्या नाही. आधी राग आला होता. दोन दिवस तुमच्या आमटीत मीठ नव्हतं, तुमच्या लक्षात आलं नाही."

मग तिनं पेपर उघडला. मामांनी अर्धं पान भरलं होतं. मयूरदासांच्या प्रतिभेवर बरंच होतं, प्लास्टरवर त्याहून जास्त. आणि धर्मावर एकच वाक्य, पण काय वाक्य! 'या बाईंना इतकी वर्षं दुपारी गायला लावणाऱ्यांनी आपले कान तपासून घ्यावेत.' दुसऱ्या एका सभेचा फोन पेपर यायच्या आधीच येऊन गेला होता. संध्याकाळ. कुणाच्या शब्दावाचून.

"तिथे तुमची कृती गाणार आहे," ती म्हणाली. "तुमच्या नावानं. मुद्रा शोधून ठेवा."

"कोण ऐकणार? मी अजून जिवंत आहे!"

"खाली अजून एक परिच्छेद आहे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून मोठ्यानं वाचू लागली. "'मयूरदासांच्या डावीकडे बसलेले एक गृहस्थ मात्र कृती संपेपर्यंत चुकीचा ताल देत होते, तोही हात उंचावून. नवल म्हणजे हे संगीतशिक्षक आहेत. अशा अजाण मंडळींना पहिल्या रांगेत बसवू नये. गायिका विचलित होते.'"

"झाली होतीस?" मी विचारलं.

"अहो, तुमच्या हाताकडे बघितलं, तर तोच हरवलेला! मग म्हटलं, त्यातल्या त्यात भरवशाचं काय आहे? प्लास्टर!"

तेवढ्यात फोन वाजला. नाच्चियप्पन अय्या.

"पंचू, वाचलं रे," आवाजात खरीखुरी माया होती. "मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांनाच कुठे जमतं! मंगळवारी ये कारखान्यावर. मी शिकवतो तुला."